दोन धारवाड

आमच्या वडगावात कुणी चारचौघांत जरा जोरात हसलं
की म्हणतात, ह्याला धारवाडला न्या.
धारवाडात पेढे मिळतात,
माझी नणंद तिथं मास्तरीण आहे.
त्या वाक्यात ती नसते. पेढेही नसतात.

माझा भाऊ भरमा अकरा आठवडे धारवाडला होता.
मी सांगायची, गोव्यात आहे,
म्हापशाला, हॉटेलात लागलाय.
इतकं नेमकं सांगायची
की गुणाबाईनं एकदा काजू मागवले.
खडेबाजारातून अर्धा किलो आणले,
पिशवी बदलली, नेऊन दिले.

तो आला तेव्हा पावलं जड,
बोटं थरथरत, सारखं पाणी मागायचा.
गल्लीतली पोरं, कन्नड शाळेतली, मराठी शाळेतली,
पाट्यांवरून एकमेकांची गचांडी धरणारी,
त्याच्यामागे मात्र एका सुरात:
वेडा, हुच्च, वेडा, हुच्च.
इतकं एकमत ह्या सीमेवर
मी दुसऱ्या कशावर पाहिलेलं नाही.

मोठी माणसं सभ्य. त्यांचं एका शब्दावर भागतं.
आमच्या बोलीत 'पण'ला 'खरं' म्हणतात.
माणूस गुणी हाय, खरं…
माग चालवंल की, खरं…
लग्नाला समदी या, खरं…
एवढ्या खऱ्यांनंतर
खरं काय ते कुणी विचारत नाही.

त्याला आवाज ऐकू येतात. आता कमी.
अमावस्येचा काही संबंध नाही,
मी वर्षभर कॅलेंडरवर खुणा केल्यात.
सिद्रायअण्णांच्या शेडमध्ये चोवीस माग एकदम सुटतात
तेव्हा त्या खडखडाटात ते आवाज बुडतात
आणि भरमा शांत असतो.
तिसऱ्या ओळीत धागा तुटला
तर सगळ्यांआधी तोच उठतो.
कामाला घेतला त्या दिवशी अण्णांनी कात्री लपवली.
चार महिन्यांनी कुठं लपवली तेच विसरले.
भरमानं शोधून दिली.

हसण्यासारखं आहे. खरं,
कात्री मीही लपवली होती. विळीसुद्धा.
आणि लेकीला बघायला पाहुणे आले तेव्हा
त्यालाच.
मागची खोली, बाहेरून कडी.
त्यानं आतून हळूच विचारलं,
"आक्का, गेले काय?"
गेले नव्हते. पोहे खात होते.
मी बशा उचलल्या
आणि जरा जोरात वाजवल्या.

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आम्ही गोळ्यांना जातो.
कंडक्टरला मी हुबळी सांगायची,
धारवाडला डुलकी लागल्यासारखं दचकून उतरायची.
मला बायकांचं फुकट तिकीट,
त्याचे तेवढे जादा जायचे.
लाजेचं भाडं म्हणा.

ह्या खेपेला मी पिशवीत आधार कार्ड शोधत होते
तेवढ्यात भरमाच बोलला, भरल्या बसमध्ये:
"दोन धारवाड."
कुणाकडं? कंडक्टरनं सहज विचारलं.
"दवाखान्यात. डोक्याच्या. पेशंट मी, ही आक्का."

पलीकडच्या बाईनं पोराला मांडीवर ओढलं.
मी खिडकीबाहेर पाहिलं. उसाची ट्रॉली,
कित्तूरची पाटी, पुन्हा ऊस.

मग पुढच्या सीटवरून एक इरकल नेसलेली म्हातारी वळली.
तिच्या खांद्यावर डोकं टाकून
तरणी सून बसली होती, जागी.
म्हातारी म्हणाली, "नावू अल्लिगे."

मला आधी 'नाव' ऐकू आलं.
नावं ठेवणारेच भेटत आले, कानाला ती सवय.
कन्नडात नावू म्हणजे आम्ही.
आम्हीपण तिथंच.

मला काय बोलावं सुचेना.
भरमानं पायाशी ठेवलेली बाटली काढली,
झाकण सैल केलं
आणि सुनेसमोर धरली.
त्या गोळ्यांनी तोंड फार सुकतं.